बारा ग्रॅमची भिशी

५ जानेवारी २०२५, रविवार, सकाळी साडेदहा. रक्कम त्र्याण्णव हजार सहाशे रुपये. हजर अकरा जण, म्हणजे भिशीतल्या अकरा घरांतलं प्रत्येकी एक माणूस. त्यांत तळमजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका बाई होत्या, आमच्या समोरच्या दारातला शेजारी होता, आणि वही घेऊन मी होतो. जागा आमच्या सोसायटीची जिन्याखालची खोली, मुलुंड पूर्वेला, नाहूर स्टेशनपासून चालत बारा मिनिटं.

चिठ्ठी बाईंनी काढली. शेजाऱ्याचं नाव निघालं. सगळ्यांनी त्याच्याकडे पेढे मागितले, आणि तो म्हणाला की आधी पैसे तर मोजू द्या.

ही भिशी रुपयांची नव्हती, ग्रॅमची होती. नावं बारा, महिने बारा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी स्टेशन रोडवरच्या सराफाच्या दुकानाबाहेर चोवीस कॅरेटचा जो भाव पाटीवर असेल, तो प्रत्येक नावाने भरायचा, एका नावाला एक ग्रॅम. ज्याची चिठ्ठी निघेल त्याला बारा ग्रॅमचे पैसे रोख. त्याने त्याचं सोनं घ्यावं की आणखी काही करावं, ते त्याचं त्याने ठरवायचं. त्या रविवारी पाटीवर सात हजार आठशे होते. शेजाऱ्याची नावं दोन होती, म्हणून त्याने पंधरा हजार सहाशे भरले.

ग्रॅमचा नियम माझा. आदल्या वर्षीपर्यंत भिशी साध्या रुपयांची होती. त्या वर्षी बाईंचा नंबर दहावा आला आणि त्यांनी बैठकीत सरळ सांगितलं की पहिल्याने जेवढ्या पैशांत बारा ग्रॅम घेतले, तेवढ्याच पैशांत मला दहाही आले नाहीत, हा कुठला न्याय. मला ते पटलं. मी म्हटलं, मग हप्ता सोन्यातच धरू, पहिल्यालाही बारा ग्रॅम आणि शेवटच्यालाही बाराच. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे आणखी एक रीत आहे, वडिलांच्या चाळीतून आलेली: वही ज्याच्या घरात, त्या घराने शेवटचा नंबर घ्यायचा, चिठ्ठी न टाकता. म्हणजे पैसे उचलून हात वर केल्याचा संशय कोणाला नको. त्यामुळे आदल्या वर्षी सगळ्यात कमी सोनं आलं होतं ते बाईंना नाही, माझ्या बायकोला. हे मी त्या बैठकीत बोललो नाही. बोलायची गरज वाटली नाही.

शेजारी माझ्याच वयाचा, बावन्न. साकीनाक्याच्या एका गाळ्यात बावीस वर्षं टर्नर. मूळचा जालन्याकडचा, वडील रेल्वेच्या बांधकामावर आले ते इकडेच राहिले. आमची दारं समोरासमोर, वीस वर्षांची. त्याच्या हातचं काम मी पाहिलं आहे. आमच्या पंपाचं एक पितळी बूच मिळत नव्हतं, तर त्याने दुपारच्या सुट्टीत ते करून आणलं आणि पैसे विचारल्यावर मला वेड्यात काढलं. त्याला स्वतःचं लेथ मशीन हवं होतं. बावीस वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर उभा आहे, आता गुडघे आहेत तोवर दहा वर्षं स्वतःच्या मशीनवर उभं राहू दे, एवढंच त्याचं म्हणणं. त्याच्या गाळ्याच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ दिवाळीनंतर गावी जाणार होते. जुनं पण चांगलं मशीन, दोन लाख चाळीस हजार, आणि गाळा भाड्याने पुढे चालू. त्याने पहिल्या भिशीतून पन्नास हजार बयाणा दिला. उरलेले एक लाख नव्वद हजार दिवाळीपर्यंत.

मार्चमध्ये त्याचं दुसरं नावही निघालं. भाव आठ हजार सहाशे, रक्कम एक लाख तीन हजार दोनशे. बयाणा वजा जाता हातात एक लाख सेहेचाळीस हजार आठशे. त्या संध्याकाळी तो आमच्याकडे आला.

"दिवाळीला आठ महिने आहेत. एवढे पैसे बँकेत झोपवून ठेवू का? तू हिशेबातला माणूस, सांग ना."

मी घाटकोपरच्या एका ऑफिसात हिशेब बघतो. माझे थोडे म्युच्युअल फंड आहेत, त्यापलीकडे बाजाराशी संबंध नाही. पण विचारल्यावर बोलायची मला सवय आहे. मी म्हटलं, सोनं आणि शेअर सहसा उलटे चालतात. बाजार घाबरला की लोक सोन्याकडे पळतात, धीर आला की परत येतात. माणसाने दोन्ही थोडं थोडं ठेवावं, एक पडलं तर दुसरं धरतं.

"सोनं तर भिशीत आहेच की," तो म्हणाला. "मग हे शेअरमध्ये टाकतो."

मी हो म्हटलं.

त्याच्याकडे सोनं नव्हतं. त्याची दोन्ही नावं उचलून झाली होती. त्याला अजून नऊ महिने दरमहा दोन ग्रॅम, म्हणजे अठरा ग्रॅम सोनं देणं होतं. सोनं चढलं की ज्याच्याकडे आहे त्याचा फायदा, ज्याला द्यायचं आहे त्याचा नाही. ही चौथीच्या मुलाला समजेल अशी गोष्ट, वही माझ्या मांडीवर होती, आणि ती मला त्या संध्याकाळी सुचली नाही.

शेअर त्याने स्वतःच निवडला. पाण्याचे पंप बनवणारी एक मध्यम कंपनी. त्यांचे पितळी भाग त्याच्याच गाळ्यातून जात. "मी माल बनवतो, मला माहीत आहे किती ऑर्डर आहे. बाजारातल्या शहाण्यांना काय माहीत," असं तो म्हणाला, आणि मला तेही पटलं. एकशे सेहेचाळीसच्या भावाने एक हजार शेअर. उरलेल्या आठशेत दलाली आणि शेवटी एकदाचे पेढे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका सोमवारी बाजार धाडकन खाली आला. तो दारातूनच फोन दाखवायला लागला. मी सांगितलं, थांब, घाईत विकू नकोस. महिन्याभरात बाजार वर आला आणि त्याचा शेअर एकशे साठला गेला. तेव्हा तो जिन्यातून शीळ घालत यायचा, आणि त्याची बायको माझ्या बायकोला म्हणायची, "ह्यांना सांग गं, आधी मशीन येऊ दे, मग शीळ." नंतर शेअर एकशे अठ्ठावीस, मग एकशे एक्केचाळीस, मग एकशे दहा. एका आठवड्यात इतकं वरखाली की त्याने फोन घरी ठेवून कामाला जायला सुरुवात केली. गाळ्यात बघत बसलो तर बोट जाईल म्हणाला.

सोन्याला मात्र असं वरखाली नव्हतं, निदान आमच्या पहिल्या रविवारांना तरी. मेमध्ये साडेनऊ हजार, जूनमध्ये नऊ हजार सातशे, ऑगस्टला दहा हजार शंभर. जानेवारीत पंधरा हजार सहाशे भरणारा तो आता वीस हजारांवर भरत होता. बाकीच्यांची कुरकुर होती, पण थट्टेत. कारण जवळजवळ सगळ्यांनी आपापल्या पाळीला सोनंच घेतलं होतं. हप्ता वाढला तरी कपाटातला तुकडाही तेवढाच वाढत होता. फक्त त्याचं तसं नव्हतं.

जूनच्या हप्त्यानंतर वही बंद करताना मला हे दिसलं. मी शेवटच्या पानामागे पेन्सिलीने मांडलं: येणं, एक हजार शेअर. देणं, बारा ग्रॅम. मग रेघ मारली. तेव्हा शेअर एकशे तीसच्या आसपास होता. मी समोरचं दार वाजवून सांगितलं असतं की विक आणि आजच बारा ग्रॅम घेऊन ठेव, तर त्याला एक लाख सोळा हजार लागले असते आणि चौदा हजार उरून तो त्यातून मोकळा झाला असता. मी गेलो नाही. मार्चमध्ये मीच हो म्हटलं होतं, आणि तीन महिन्यांनी जाऊन आपण चुकलो म्हणणं मला जड गेलं. शिवाय मनात होतं की आता सोनं उतरेल. इतकं चढलेलं उतरतंच, असं मी स्वतःला सांगितलं, कशाच्याही आधाराशिवाय.

पुढचं सगळं रुपयाने केलं. हे मला नंतर समजलं, पेपर वाचून आणि त्याच्या गाळ्याकडे पाहून. सोनं बाहेरून येतं, डॉलरमध्ये. तिकडे भाव आहे तिथेच राहिला तरी रुपया घसरला की इथल्या पाटीवर आकडा वाढतो, आणि तिकडेही तो वाढतच होता. पितळेसाठी लागणारं तांबंही बाहेरचंच. पंप कंपनीने तिमाहीचा निकाल जाहीर केला त्यात लिहिलं होतं की कच्चा माल महागला, नफा अर्ध्यावर. परदेशी गुंतवणूकदार तर रुपया घसरताना इथे थांबायला तयारच नसतात, कारण इथे मिळवलेलं तिकडे नेताना कमी होतं. ते विकतात, बाजार हादरतो. मोठ्या कंपन्या सावरून घेतात. ही मध्यम होती, सावरली नाही. सप्टेंबरात डॉलर अठ्ठ्याऐंशीच्या वर गेला. त्याच महिन्यात शेअर ऐंशीवर आला, गाळ्यातला ओव्हरटाइम बंद झाला, आणि मग आठवड्यातले दोन दिवस गाळाच बंद राहू लागला. मी त्याला सांगितलेलं एक पडलं तर दुसरं धरतं. त्याचं काम, त्याचे शेअर आणि त्याचं देणं, तिन्ही एकाच दोरीला बांधलेलं होतं.

जुलै ते सप्टेंबरचे हप्ते त्याने गाळ्याच्या मालकाकडून साठ हजार उचल घेऊन भरले होते. काम कमी झाल्यावर मालकाने उचल परत मागितली. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्याने हजारही शेअर एकोणऐंशीला विकले. एकोणऐंशी हजारांतले साठ मालकाला दिले. एकोणीस हजार राहिले.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पाटीवर अकरा हजार नऊशे होते. बैठकीला तो बायकोला घेऊन आला, एरवी ती येत नसे. ती शिलाईचं काम करते, कमी बोलते. तोच बोलला. त्याने फार काही मागितलं नाही. उरलेल्या तीन हप्त्यांना दहा हजारांची मर्यादा घाला, म्हणाला. त्यापुढचा भाव धरू नका.

चिठ्ठ्या नऊ निघाल्या होत्या. नंबर राहिले होते तिघांचे: बाई, तिसऱ्या मजल्यावरचं एक घर आणि माझी बायको. मर्यादा घातली तर तोटा या तिघांनाच. बाकीच्यांना हप्ता कमी झाला तर हवाच होता, पण बाईंच्या तोंडावर कोणी बोलेना. बाई म्हणाल्या की गेल्या वर्षी मी भोगलंय, या वर्षी नियम माझ्यासाठी केलाय आणि आता मोडताय. त्यांचं चुकीचं नव्हतं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "नियम मध्येच बदलता येणार नाही. जानेवारीत सगळ्यांनी मान्य केलाय."

शेजाऱ्याने मान हलवली, जणू काही हेच ऐकायला आला होता. त्याची बायको उठली.

"भावोजी," ती म्हणाली, "नियम तुमचा, वही तुमची, आणि शेवटचा नंबरही तुमचाच."

तिने आवाज चढवला नाही. पिशवीतून तेवीस हजार आठशे काढून टेबलावर ठेवले आणि पावती न घेता गेली. चिठ्ठी बाईंचीच निघाली.

घरी मी बायकोला म्हटलं की आपल्या पाळीला त्यांचे दोन ग्रॅम आपण सोडून देऊ. ती भाजी निवडत होती. ती संध्याकाळी आठवी-नववीच्या मुलांच्या शिकवण्या घेते आणि भिशीचा प्रत्येक हप्ता तिच्या शिकवणीच्या पैशांतून गेलेला. गेल्या वर्षी तुमच्या रीतीपायी मला कमी आलं तेव्हा मी काही बोलले का, तिने विचारलं. मी म्हटलं, नाही. "मग या वर्षी तुम्हाला चांगलं वाटावं म्हणून माझे पैसे का? तुम्हाला द्यायचेत तर तुमच्या पगारातून द्या. माझ्या नावावर दानधर्म नको." थोड्या वेळाने तीच म्हणाली की त्यांना विचारून बघा, घेतील असं वाटत नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी भाव बारा हजार तीनशे. सकाळी नऊला शेजाऱ्याची बायको एकटीच दारात आली. हातरुमालात बोरमाळेचे आठ मणी होते, दोऱ्यातून काढलेले.

"ग्रॅमच द्यायचेत ना? मग हे घ्या ग्रॅम."

मी तिला समजावलं की बोरमाळेचे मणी आतून लाखेचे असतात, वरचा पत्रा तेवढा सोन्याचा. तिला हे माहीत नसेल असं नाही. आम्ही दोघं स्टेशन रोडवर सराफाकडे गेलो. रस्ताभर ती माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. काट्यावर आठ मणी चार ग्रॅमच्या वर भरले. आतल्या माणसाने ते वितळवले, लाख काळी होऊन बाजूला आली, तिचा वास दुकानात पसरला. राहिलं दोन ग्रॅम तीनशे मिलिग्रॅम, तेही बावीस कॅरेट. घट कापून चोवीस हजार सहाशे वीस हातात दिले. हप्ता चोवीस हजार सहाशे. मी वहीत लिहिलं आणि वीस रुपये तिला परत दिले. तिने ते घेतले. ते पैसे साडेदहाला तिसऱ्या मजल्याला गेले.

दिवाळी होऊन गेली होती. मशीनवाल्या म्हाताऱ्यांनी त्याला नोव्हेंबरअखेरपर्यंत मुदत वाढवून दिली. एक लाख नव्वद हजार आणायचे कुठून? पतपेढीत गेला, तिथे दोन जामीन मागितले. एक मी राहीन म्हटलं. दुसरा मिळाला नाही, आणि आठवड्याला चार दिवसांचा पगार बघून त्यांनी तसंही नकारच दिला असता. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात डॉलर नव्वदपार गेला. त्याच आठवड्यात भांडुपचा कोणी तरी येऊन मशीन टेम्पोत घालून घेऊन गेला. ते घेऊन जाताना हा गाळ्याच्या दारात उभा होता. क्रेन लावताना साखळी चुकीच्या जागी अडकवत होते, म्हणून यानेच पुढे होऊन ती सोडवून नीट अडकवली, असं त्याने मला सांगितलं. नाहीतर मशीनचा बेड, म्हणजे खालचा लोखंडी पाया, वाकला असता म्हणाला.

बयाणा कायद्याने बुडाला होता. म्हातारे गृहस्थ भले, त्यांनी अर्धा परत दिला. पंचवीस हजार.

शनिवारी संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो. मार्चमधली गोष्ट सांगितली, जूनमधली वहीमागची मांडणीही सांगितली. तो ऐकत होता. त्याने एवढंच विचारलं की जूनमध्ये शेअर कितीला होता रे. मी म्हटलं, एकशे तीस. तो हसला नाही, रागावलाही नाही. मग मी म्हटलं की उद्याचा हप्ता राहू दे, माझ्या पगारातून मी भरतो.

"नको," तो म्हणाला. "तू नियम पाळलास ना? मग मलाही पाळू दे."

एवढ्या वर्षांत त्याने मला चहा विचारला नाही असा तो एकच दिवस.

माझा हिशेब असा. भिशीतून त्याला मिळाले एक लाख शहाण्णव हजार आठशे. बारा महिन्यांत त्याने भरले दोन लाख बेचाळीस हजार. तोटा पंचेचाळीस हजार दोनशे. शेअरमध्ये सदुसष्ट हजार. बयाण्यातले पंचवीस. एकूण एक लाख सदतीस हजार दोनशे, आठ मणी याच भरण्यात आले. नियम रुपयांचाच ठेवला असता तर भिशीत त्याला पैचाही तोटा नव्हता. हे आकडे मी कोणाला दाखवलेले नाहीत.

७ डिसेंबर २०२५, रविवार. भाव तेरा हजार. हजर दहा जण, बाईंना बरं नव्हतं, त्यांचे पैसे आदल्या दिवशीच आले होते. चिठ्ठी काढायची नव्हती, नाव एकच उरलं होतं. माझी बायको त्या दिवशी माझ्याऐवजी आमच्या घरातर्फे समोरच्या खुर्चीवर बसली. तो सगळ्यांत शेवटी आला. मशीनवाल्याकडून परत आलेले पंचवीस हजार त्याच लिफाफ्यात होते, त्यावर घरचे एक हजार रबर लावून ठेवलेले. त्याने लिफाफा माझ्यापुढे न ठेवता थेट तिला दिला आणि म्हणाला, "मोजून घ्या, वहिनी."

तिने मोजले. सव्वीस हजार, पूर्ण. मी वहीत लिहिलं: बारावा आणि शेवटचा नंबर, एकूण एक लाख छप्पन्न हजार रुपये, पैकी दोन नावांचे सव्वीस हजार समोरच्या घराकडून, माझ्या बायकोला पोहोचले.